एका आकड्याचे वाचन

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शतक पुरे करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाट्यपरंपरा किंवा गोमंतकातील मराठीची वाटचाल असे विषय शोभून दिसतात. तेथे रक्ताच्या एका तपासणीवर बोलले जावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ग्रंथालयाचे काम वाचायला शिकवण्याचे आहे. आणि आज घराघरांत सर्वांत अधिक धास्तीने उघडला जाणारा व सर्वांत कमी समजुतीने वाचला जाणारा मजकूर कोणता असेल, तर तो प्रयोगशाळेच्या अहवालाचा होय. त्या मजकुराची लिपी रोमन, भाषा इंग्रजी आणि संज्ञा वैद्यकाच्या. वाचणाऱ्याची नजर थेट आकड्यांच्या रकान्यात जाते. तेथे एखादा आकडा ठळक छापलेला असेल तर काळजात धस्स होते. नसेल तर कागदाची घडी कपाटात जाते. दोन्ही वेळा कागद पाहिला जातो, वाचला जात नाही.

या विषयाचे वाचनालयाशी आणखी एक नाते आहे, ते काळाचे. विसाव्या शतकाच्या ज्या तिसऱ्या दशकात, पोर्तुगीज अंमलाखालील गोमंतकात, मराठी पुस्तकांची ही पहिली कपाटे उभी राहिली, त्याच दशकाच्या आरंभी कॅनडातील टोरंटो येथे इन्सुलिन माणसाच्या हाती आले. बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत १९२१ साली ते प्राण्यांच्या स्वादुपिंडातून वेगळे काढले, कॉलिप यांनी ते शुद्ध केले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. मरणाच्या दारात असलेला मुलगा सावरला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर काही काळ सर्वत्र अशीच समजूत होती की मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा; तो भरून काढला की प्रश्न मिटला. आजचा विषय असलेला आकडा ही समजूत अपुरी ठरल्यामुळे जन्माला आला.

त्या आकड्याचे नाव ‘होमा-आयआर’. ‘होमिओस्टॅसिस मॉडेल असेसमेंट’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘होमा’ बनले. शरीराची अंतर्गत समस्थिती गणिताच्या प्रतिकृतीत मांडून केलेले मूल्यमापन, असा त्याचा अर्थ. ‘आयआर’ म्हणजे ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’. गेल्या काही वर्षांत पूर्ण शरीराच्या तपासण्यांचे जे संच मिळतात, त्यांपैकी अनेकांत हा आकडा छापून येतो. डॉक्टरांनी तो मागितलेला नसतो, रुग्णाने त्याचे नावही ऐकलेले नसते, आणि तरीही तो घरात येऊन बसतो.

समजा, एका घरातील दोघा भावांनी एकाच सकाळी रक्त दिले. संध्याकाळी अहवाल आले. धाकटा म्हणाला, “दादा, होमा-आयआर तुझा चार, माझाही चार. आपले दोघांचे दुखणे एकच.” थोरला म्हणाला, “घराण्याचे आहे, दुसरे काय!” दोघांनी एकाच डॉक्टरांकडे जाऊन एकच गोळी आणावी, इतपत त्यांचे ठरले. या दोघा भावांना तूर्त येथेच बसवून ठेवावे लागेल. त्यांचे म्हणणे कोठे चुकते, हे समजण्यासाठी शरीरात रात्रभर काय चालते ते आधी पाहिले पाहिजे.

माणूस रात्री जेवून झोपतो आणि सकाळपर्यंत काही खात नाही. तरीही मेंदूला अखंड साखर लागते. ती यकृत पुरवते. साठवणीतली थोडी आणि नव्याने घडवलेली थोडी, अशी साखर यकृत रात्रभर रक्तात सोडत असते. ती किती सोडावी, यावर स्वादुपिंडातून पाझरणाऱ्या इन्सुलिनचा अंकुश असतो. इन्सुलिन यकृताला सांगते, ‘पुरे, आता हात आखड.’ दिवसा जेवण झाल्यावर त्याचे दुसरे काम सुरू होते. तेव्हा ते स्नायूंना आणि मेदपेशींना सांगते, ‘दार उघडा, साखर आत घ्या.’ थोडक्यात, इन्सुलिन स्वतः साखर उचलून नेत नाही. ते सांगावा धाडते. पाळायचा तो यकृताने, स्नायूंनी आणि मेदाने.

येथे घरातले एक दृश्य डोळ्यांसमोर आणावे. सकाळची शाळा आहे आणि आई मुलाला उठवते आहे. एक मूल पहिल्याच हाकेला उठते. दुसरे दहा हाका मारल्यावर उठते. साडेसहा वाजता येणाऱ्या पाहुण्याला दोन्ही मुले उठलेली दिसतात आणि दोन्ही शहाणीच वाटतात. कोणत्या घरात आईचा घसा किती कोरडा पडला, हे त्याला कळत नाही. इन्सुलिन ही हाक, आणि रक्तातील साखर आटोक्यात असणे म्हणजे मूल उठलेले असणे. केवळ साखर मोजणारा हा उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा असतो.

‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ला पुस्तकी मराठीत ‘इन्सुलिन-प्रतिरोध’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, परंतु ‘प्रतिरोध’ म्हटले की शरीर इन्सुलिनशी लढते आहे, असे चित्र उभे राहते. तसे काही घडत नसते. बोलीतला एक वाक्प्रचार येथे अधिक नेमका आहे : शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. हाक पोहोचते, परंतु पूर्वी एका हाकेत होणारे काम आता होत नाही. यकृतात आणि स्नायूंत, जेथे मेदाचा साठा असू नये तेथे तो साठला की आत पोहोचलेल्या निरोपाची पुढची साखळी ढिली पडते, हे त्याचे एक मोठे कारण आता चांगले ठाऊक झाले आहे. दाद मिळत नाही म्हणून स्वादुपिंड आवाज चढवते, म्हणजे अधिक इन्सुलिन सोडते. साखर जागेवर राहते. अहवालात ‘साखर नॉर्मल’ असे येते, आणि ते खरेच असते. त्यासाठी मोजलेली किंमत मात्र त्या ओळीत दिसत नाही.

ही किंमत दिसावी म्हणून वैद्यकाला बराच काळ झटावे लागले. १९३६ साली लंडनचे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले. काहींची रक्तशर्करा इन्सुलिनने रोखली गेली, काहींची वाढतच राहिली. त्यावरून त्यांनी मधुमेहाचे दोन वर्ग सांगितले : इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेह दोन प्रकारचा सांगितला आहे, सहज आणि अपथ्यनिमित्तज. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. हे वाचून प्राचीनांना इन्सुलिनचे ज्ञान होते असा अर्थ काढू नये. एकाच नावाखाली दोन दुखणी वावरतात हे बारीक निरीक्षणाला कोणत्याही काळी दिसू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

हिम्सवर्थ यांच्या हाती रक्तातील इन्सुलिन मोजण्याचे साधन नव्हते. ते इतके अत्यल्प असते की रसायनशास्त्राची तेव्हाची कोणतीही पद्धत त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी द्रव्याची खूण लावून ते मोजण्याची रीत शोधली. १९६० साली ती सविस्तर प्रसिद्ध झाली. उतारवयातील मधुमेह्यांच्या रक्तात इन्सुलिन नाहीसे झालेले नसते, पुष्कळदा ते भरपूर असते, हे त्या मोजणीने दाखवून दिले. बर्सन १९७२ साली निवर्तले; १९७७ चे नोबेल पारितोषिक यॅलो यांना मिळाले.

पुढे १९७९ साली डीफ्रोंझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिनची दाद थेट मोजण्याची पद्धत मांडली. एका नळीने ठरावीक वेगाने इन्सुलिन सोडायचे, दुसरीने साखरेचे पाणी, आणि रक्तशर्करा एकाच पातळीवर खिळवून ठेवायची. ती खिळून राहण्यासाठी जितकी जास्त साखर द्यावी लागेल, तितकी शरीराची दाद चांगली. आजही हीच कसोटी सर्वांत विश्वसनीय मानली जाते. परंतु माणसाला दोनतीन तास दोन नळ्या लावून झोपवायचे आणि दर काही मिनिटांनी रक्त काढायचे, हे संशोधनात जमते. गावोगावच्या हजारो माणसांसाठी जमणारे नाही.

ही अडचण ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज, रॉबर्ट टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली सोडवली. त्यांचा विचार साधा होता. रात्रभराच्या उपासानंतर यकृत आणि स्वादुपिंड यांच्यात एक तडजोड झालेली असते. त्या क्षणीची साखर आणि त्या क्षणीचे इन्सुलिन असे दोन आकडे मिळाले, तर तडजोड कोणत्या अटींवर झाली याचा अंदाज करता येईल. त्यांनी संगणकावर प्रतिकृती बांधली आणि तिचे सार एका सोप्या सूत्रात दिले : उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचे इन्सुलिन, भागिले ४०५. साखर मिलिग्रॅममध्ये मोजली तर भाजक ४०५ येतो. मिलिमोल या परिमाणात मोजली तर २२.५ येतो. भारतातील अहवालांत साखर बहुधा मिलिग्रॅममध्ये असते.

हा ४०५ कोठून आला, हे समजले की सूत्राची भीती जाते. निरोगी, सडपातळ तरुणाची उपाशीपोटीची साखर ८१ मिलिग्रॅम आणि इन्सुलिन ५ मायक्रोयुनिट असे त्यांनी प्रमाण धरले. ८१ गुणिले ५ म्हणजे ४०५. त्यामुळे अशा तरुणाचा आकडा नेमका १ येतो. कोणाचा आकडा २ आला, तर त्या आदर्श तरुणाच्या दुप्पट गुणाकारावर त्याच्या शरीराचा समतोल बसला आहे, असे समजावे. प्रयोगशाळा या १ च्या पुढे एक मर्यादा घालून देतात. कोठे ती २ असते, कोठे अडीच, कोठे त्याहून थोडी अधिक. ती कोणी निसर्गात कोरून ठेवलेली नाही. ज्या लोकसमूहावर अभ्यास झाला त्यावरून ती ठरते, आणि समूह बदलला की बदलते.

आता त्या दोघा भावांकडे वळता येईल. धाकट्याचे अहवालातील पहिले दोन आकडे असे : साखर ९०, इन्सुलिन १८. थोरल्याचे असे : साखर १८०, इन्सुलिन ९. नव्वद गुणिले अठरा १६२०. एकशेऐंशी गुणिले नऊ, तेही १६२०. दोघांनाही ४०५ ने भागले की उत्तर ४. गणितात दोघे सारखे, शरीरात मात्र दोघांची गोष्ट वेगळी आहे.

धाकट्याच्या घरात आई दहा हाका मारते आहे आणि मूल वेळेवर उठते आहे. साखरेच्या ओळीत त्याला कोणी काही म्हणणार नाही. नव्वद ही निर्दोष साखर आहे. ती राखण्यासाठी त्याचे स्वादुपिंड मात्र प्रमाण धरलेल्या तरुणाच्या साडेतीन पटींहून अधिक इन्सुलिन सोडत आहे. थोरल्याच्या घरात मूल अंथरुणातच आहे, आणि आईचा घसा बसला आहे. १८० साखर असताना इन्सुलिन वाढायला हवे होते. ते ९ वरच थांबले, कारण वाढवण्याचे बळ राहिलेले नाही.

ऑक्सफर्डच्या मंडळींनी दुसरेही एक सूत्र दिले होते. ते अहवालांत क्वचितच छापले जाते. त्याला ‘होमा-बी’ म्हणतात, आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन घडवणाऱ्या बीटा पेशी किती काम करत आहेत, याचा अंदाज ते शेकड्यात देते. इन्सुलिनला ३६० ने गुणायचे आणि साखरेतून ६३ वजा करून उरेल त्याने भागायचे. प्रमाण धरलेल्या तरुणाचे उत्तर बरोबर १०० येते. धाकट्या भावाचे येते २४०. थोरल्याचे येते सुमारे २८. एकाच्या पेशी दुपटीहून अधिक राबत आहेत, दुसऱ्याच्या चौथाईच्या आसपास उतरल्या आहेत. येथेही सावध राहावे लागते. २४० हा आकडा पाहून धाकट्याने आपले स्वादुपिंड भलतेच दणकट आहे असे समजू नये. तो श्रमाचा आकडा आहे, सामर्थ्याचा नव्हे.

थोरल्याला या आकड्याची फारशी गरजही नव्हती. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक आली, आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच दिसले, की मधुमेहाचे निदान होते. जेवणानंतरच्या किंवा ग्लुकोज दिल्यानंतरच्या साखरेची, तसेच तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीची मर्यादाही ठरलेली आहे. एचबीए१सीची ती मर्यादा ६.५ टक्के. होमा-आयआर या निदानाच्या कसोट्यांत नाही. थोरल्याने उपचार सुरू करायचे. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यायची. त्याच्या बाबतीत हा आकडा फक्त जुनी कथा सांगतो. धाकट्याच्या बाबतीत मात्र तो पुढची कथा सांगू शकतो, आणि ती अजून लिहून झालेली नाही.

ब्रिटनमधील सरकारी नोकरांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातून २००९ साली या कथेचा क्रम प्रसिद्ध झाला. साडेसहा हजारांहून अधिक माणसांपैकी ५०५ जणांना पुढे मधुमेह झाला. त्यांच्या रक्ताच्या जुन्या नोंदी उलट्या क्रमाने वाचल्या गेल्या, आणि मापासाठी होमाचीच सूत्रे वापरली गेली. निदानाच्या आधीच्या सुमारे पाच वर्षांत शरीराची इन्सुलिनला मिळणारी दाद झपाट्याने घसरली. चौथ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या दरम्यान बीटा पेशींचे काम वाढलेले दिसले. नंतर ते कोसळू लागले. उपाशीपोटीची साखर एकदम चढू लागली ती शेवटच्या तीन वर्षांत. आई आधी आवाज चढवते, मग तिचा घसा बसतो, आणि त्यानंतर घरात गडबड उडाल्याचे शेजाऱ्यांना कळते, असा हा क्रम. धाकटा भाऊ आज या क्रमात कोठे उभा आहे हे एका तपासणीवरून कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. वेळ त्याच्या बाजूने आहे, एवढे मात्र सांगता येते.

या आकड्याच्या उणिवाही सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर एका अज्ञानाच्या जागी दुसरे येऊन बसेल. पहिली उणीव इन्सुलिनच्या मोजणीची. साखरेची मोजणी बहुतेक प्रयोगशाळांत जुळते. इन्सुलिनची तितकी जुळत नाही. एकच नमुना दोन ठिकाणी दिला तर उत्तरे वेगळी येऊ शकतात. नमुन्यातील लाल पेशी फुटल्या असतील तर इन्सुलिन प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. शिवाय स्वादुपिंड इन्सुलिन एकसारखे सोडत नाही, ते लाटालाटांनी सोडते. म्हणून मूळ पद्धतीत पाचपाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन सरासरी काढणे उत्तम मानले गेले. नित्याच्या व्यवहारात एकच नमुना घेतला जातो. त्यामुळे २.४ चा आकडा सहा महिन्यांनी २.७ झाला म्हणून हबकण्याचे कारण नाही, आणि २.१ झाला म्हणून पेढे वाटण्याचेही नाही.

दुसरी उणीव परिस्थितीची. रक्त देण्यापूर्वी आठ ते बारा तास पोटात पाण्याशिवाय काही गेलेले नसावे. सकाळचा साखर घातलेला चहा दोन्ही आकडे बिघडवतो. तापात, जागरणात, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना शरीराची दाद तात्पुरती घटते. वयात येणाऱ्या मुलामुलींत आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात ती निसर्गतःच घटते. ज्यांना इन्सुलिनची इंजेक्शने चालू आहेत, त्यांच्या रक्तातील इन्सुलिन स्वादुपिंडाचे की सुईचे, हे या सूत्राला कळत नाही. त्यांनी या आकड्याचा विचारच करू नये. तिसरी उणीव अशी की उपाशीपोटीचा आकडा मुख्यतः यकृताची दाद सांगतो. जेवणानंतर स्नायू काय करतात, ते त्यात अंधुकच दिसते. या सूत्राच्या मूळ कर्त्यांपैकी मॅथ्यूज यांनीच सहकाऱ्यांसह २००४ साली होमाच्या उपयोगाबद्दल आणि दुरुपयोगाबद्दल एक लेख लिहिला. त्यात समूहाच्या अभ्यासासाठी हे साधन चांगले, एकट्या व्यक्तीबाबत मात्र ते जपून वापरावे, असाच सूर आहे.

मग हा आकडा भारतीय माणसाला इतका लागू का पडावा? याचे उत्तर पुण्यात मिळाले. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघा शास्त्रज्ञ मित्रांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी एक. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के निघाले आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून वेगळे. चार हा आकडा समान असलेल्या दोघा भावांची येथे आठवण व्हावी.

हा फरक जन्मापासूनचा असू शकतो, हेही पुण्यानेच दाखवले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. बाळ लहान, त्याचे स्नायू आणि पोटातील अवयव त्याहून लहान. परंतु पाठीच्या कातडीखालचा मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. पुण्याच्या नवजात बाळांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिनही अधिक आढळले. गर्भात उपासमार सोसलेले शरीर स्नायूंत काटकसर करून मेद राखते, आणि पुढे अन्न मुबलक झाले की तीच काटकसर अंगाशी येते, अशी त्यामागची मांडणी आहे. म्हणून भारतीय माणसाने ‘मी काही लठ्ठ नाही’ या समाधानावर फार विसंबू नये. हातापायांनी किडकिडीत आणि पोटाने सुटलेले, असे शरीर ओटीवर बसलेल्या कोणत्याही चार पुरुषांत सापडते.

गोमंतकाला तर हा विषय टाळताच येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २० वर्षांवरील भारतीयांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १५.३ टक्के. राज्यवार यादीत सर्वांत वरचे नाव गोव्याचे होते, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एकाहून थोडे अधिक. या सभागृहात रांगेने मोजत गेले तर त्याचा अर्थ सहज ध्यानी येतो. आणि ही मोजणी थोरल्या भावांची आहे. धाकटे भाऊ, ज्यांची साखर आज नव्वद आहे, ते तिच्यात आलेलेच नाहीत.

धाकट्याने करावे काय? प्रथम, घाबरू नये. दुसरे, या एका आकड्यासाठी आपल्या मनाने गोळी सुरू करू नये. डॉक्टरांना पूर्ण अहवाल दाखवावा. तिसरे, घरात शिवणकामाची टेप असतेच, तिने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजावी. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००५ साली सुचवली आहे. मानेच्या मागे, काखेत कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती घासून जाणारी मळकट नव्हे. पुष्कळदा ती रक्तात वाढलेल्या इन्सुलिनचीच खूण असते. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेले, चांगले कोलेस्टेरॉल घटलेले, रक्तदाब चढता, घरात मधुमेहाचा इतिहास, मुलींमध्ये पाळीची अनियमितता, अशा चार खुणा एकत्र आल्या की होमाच्या आकड्याला अर्थ येतो. त्या नसतील तर तो एकटा आकडा फारसे बोलत नाही.

आणि उपाय? चालणारा स्नायू इन्सुलिनच्या हाकेची वाट पाहत नाही. काम करताना तो रक्तातील साखर स्वतःहून आत घेतो, आणि चालणे थांबल्यावरही काही तास त्याची दाद सुधारलेली राहते. अमेरिकेतील मोठ्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि सात टक्के वजन घटवणे एवढ्या उद्दिष्टावर मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. भारतीयांवर हे लागू पडेल का, याची तपासणी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने केली. २००६ च्या त्यांच्या निष्कर्षांत आहार आणि व्यायाम यांनी धोका २८.५ टक्क्यांनी घटला, गोळीने २६.४ टक्क्यांनी. लाभ अमेरिकेइतका मोठा नाही, पण चालण्याने गोळीची बरोबरी केली. सत्तर किलो वजनाच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलोसुद्धा होत नाहीत. शितकढी ताटातून हद्दपार करण्याचीही गरज नाही. भाताचा डोंगर उतरवून शेजारी भाजी, कडधान्य आणि मासळी वाढवली, चतुर्थीच्या नेवऱ्या चतुर्थीपुरत्या ठेवल्या, आणि जेवणानंतर आरामखुर्चीऐवजी रस्ता धरला, तर आईच्या हाका कमी होऊ लागतात.

थोरल्याला हे सांगायचे नाही असे नव्हे. त्यानेही चालावे, त्याच्या औषधाला त्याने साथच मिळते. मात्र त्याने औषध सोडून नुसते चालू नये. दोघांना दोन वेगळे सल्ले मिळाले पाहिजेत, आणि ते मिळण्यासाठी कोणीतरी त्या कागदावरचा चार हा आकडा फोडून त्यामागचे ९० आणि १८, १८० आणि ९ वाचले पाहिजेत. हे वाचन करायला वैद्यकाची पदवी लागत नाही. साधा गुणाकार लागतो, आणि आपल्या भाषेत समजावून घेण्याचा थोडा हट्ट लागतो.

शंभर वर्षांपूर्वी या गावात मराठी वाचायला मिळावे म्हणून काही माणसांनी पदरमोड केली, कपाटे उभी केली, पुस्तके मिळवली. त्या वेळी वाचकाला हवी होती ती पोथी, कादंबरी, वर्तमानपत्र. आजच्या वाचकाच्या हातात त्यांच्या जोडीला प्रयोगशाळेचा कागद आहे. वाचनालयाने येत्या वर्षात आरोग्यविषयक मराठी पुस्तकांचे एक वेगळे कपाट मांडावे, महिन्यातून एकदा गावातील डॉक्टरांना बोलावून असे कागद उघडपणे, नावे झाकून, वाचून दाखवण्याचा कार्यक्रम ठेवावा, अशी या निमित्ताने सूचना आहे. दोघे भाऊ त्या कार्यक्रमाला आले तर एकाने घरी परतून औषधाची वेळ पाळावी, दुसऱ्याने चपला घालून बाहेर पडावे, आणि दोघांनाही आपण तसे का करतो हे सांगता यावे. वाचनालयाच्या दुसऱ्या शतकाला शुभेच्छा.